आम्रपाली : रूप तिचे, मालकी नगराची

वैशालीच्या आम्रपालीचे नाव ऐकले नाही असा तरुण आपल्या वस्त्यांमध्ये क्वचितच सापडेल. बुद्धपौर्णिमेच्या कार्यक्रमात तिच्यावर नाटिका बसवल्या जातात. तिची चित्रे मोबाइलवर फिरतात. १९६६ साली लेख टंडन यांनी तिच्या नावाने काढलेला हिंदी चित्रपट आजही लोक पाहतात. त्यात वैजयंतीमाला यांनी आम्रपाली साकारली, आणि कोल्हापूरच्या भानू अथैया यांनी अजिंठ्याची चित्रे डोळ्यांसमोर ठेवून वेशभूषा केली. त्यामुळे आम्रपाली म्हटले की आपल्यापुढे एकच रूप उभे राहते : तरुण, अप्रतिम सुंदर, राजांना वेड लावणारी नर्तकी, जी शेवटी तथागतांना शरण गेली. नाटिका संपताना निवेदक सांगतो की एका पतितेचा उद्धार झाला, आणि टाळ्या पडतात.

आम्हाला हा शेवट पटत नाही. ती पतित होती असे म्हणायचे, तर तिला पाडले कोणी, हे आधी विचारले पाहिजे. आम्रपालीने चोरी केली नव्हती, कोणाला फसवले नव्हते. तिच्याबाबत सांगण्यासारखी एकच गोष्ट होती, ती म्हणजे तिचे रूप. त्या रूपामुळे तिला काय मिळाले आणि तिच्याकडून काय काढून घेतले गेले, याचा हिशेब पाली ग्रंथांमध्ये विखुरलेला आहे. तो एकत्र मांडून तिचे चरित्र वाचले, तर ती वेगळीच दिसते.

आंब्याखाली सापडलेली मुलगी

वैशाली हे गंगेच्या उत्तरेला असलेले लिच्छवींचे नगर. आजच्या बिहारमधला वैशाली जिल्हा तो हाच. इथे एका राजाची सत्ता नव्हती. लिच्छवी हे वज्जी गणसंघातले प्रमुख कुळ होते आणि कारभाराचे निर्णय सभेत बसून होत. विनयपिटकातील महावग्गात या नगराची समृद्धी आकड्यांत सांगितली आहे : ७,७०७ प्रासाद, ७,७०७ कूटागारे, तितकीच उद्याने आणि तितक्याच कमळांच्या पुष्करणी. आकडा शब्दशः घेऊ नये, पण नगर श्रीमंत होते एवढे नक्की समजते.

अशा नगरातल्या राजोद्यानात माळ्याला आंब्याच्या झाडाखाली एक मुलगी सापडली, असे थेरीगाथेवरील अट्ठकथा सांगते. आंब्याखाली सापडली म्हणून तिचे नाव अंबपाली पडले. तिचा जन्म आईच्या पोटी झालाच नाही, ती आपोआप प्रकट झाली, असेही अट्ठकथाकार लिहितात. आम्ही समाजशास्त्र शिकलेली माणसे या कथेकडे वेगळ्या नजरेने पाहतो. जिच्या जन्माबद्दल असे सांगावे लागते, ती बहुधा कोणीतरी टाकून दिलेली मुलगी असते. तिला आईबाप नव्हते, कुळ नव्हते, तिच्या वतीने सभेत उभे राहून बोलणारा कोणी नव्हता.

ती वयात आली तेव्हा तिच्या रूपाची चर्चा नगरभर झाली. अनेक राजकुमारांना ती हवी होती. त्यांच्यात भांडणे सुरू झाली. भांडण मिटवण्यासाठी तोडगा निघाला तो असा, की ती कोणा एकाची होणार नाही, ती सर्वांची होईल. तिला गणिका ठरवण्यात आले. संस्कृतातल्या मूलसर्वास्तिवादी परंपरेत हीच कथा थोडी वेगळी येते. तिथे महानाम नावाच्या गृहस्थाने तिला वाढवले आहे. पण निर्णय तोच आहे : असे स्त्रीरत्न एका पुरुषाला द्यायचे नाही, ते गणाच्या उपभोगाचे. त्या कथेत आम्रपाली काही अटी घालते. घर चांगल्या ठिकाणी असावे, एक जण आत असताना दुसऱ्याने येऊ नये, वगैरे. नाकारण्याचा अधिकार नसलेल्या मुलीने जेवढे पदरात पाडून घेता येईल तेवढे घेतले, असाच त्याचा अर्थ आम्ही लावतो.

भांडण पुरुषांचे होते. ते मिटवण्याची किंमत मुलीने चुकवली. कोणत्याही ग्रंथात तिला काय हवे होते हे विचारल्याची नोंद नाही.

कुळ असलेल्या आणि कुळ नसलेल्या

महापरिनिब्बान सुत्ताच्या सुरुवातीला तथागतांनी सांगितलेले वज्जींचे सात अपरिहानीय धम्म आपल्यापैकी अनेकांना पाठ आहेत. वज्जी एकत्र जमतात, एकमताने उठतात, वृद्धांचा मान राखतात, हे आपण भाषणांतून सांगतो. त्या सात गोष्टींत स्त्रियांबद्दलही एक आहे : वज्जी कुळातल्या स्त्रियांना आणि कुमारींना पळवून नेऊन जबरदस्तीने आपल्या घरात ठेवत नाहीत. जोपर्यंत हे पाळले जाईल तोपर्यंत वज्जींची हानी होणार नाही, असे तथागतांनी म्हटले.

मूळ पालीत शब्द आहेत कुलित्थी आणि कुलकुमारी, म्हणजे कुळातल्या स्त्रिया आणि मुली. हा शब्द लक्षात ठेवून आम्रपालीकडे पाहिले की सगळे स्पष्ट होते. ज्या गणात घरंदाज मुलीला हात लावणे हा मोठा अपराध मानला जात होता, त्याच गणात कुळ नसलेल्या मुलीला सार्वजनिक मालमत्ता करण्यात आले. पहिल्या मुलीमागे बाप, भाऊ, कुळ उभे होते. दुसरीमागे फक्त एक माळी. दोघी सारख्याच सुंदर असत्या तरी दोघींचे नशीब सारखे झाले नसते.

म्हणून रूपाचा फायदा आणि तोटा हा नुसता रूपाचा प्रश्न नसतो. ते रूप कोणत्या घरात, कोणत्या जातीत, कोणत्या वस्तीत जन्मले यावर सारे ठरते. पाठीशी घर असेल तर रूप हा दागिना असतो. घर नसेल तर तेच रूप दरोडेखोरांना दाखवलेली वाट होते.

नगराची मिळकत

गणिका झाल्यावर आम्रपालीला जे मिळाले ते थोडे नव्हते, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. महावग्ग तिला रूपवती तर म्हणतोच, पण नृत्य, गायन आणि वादनात ती निपुण होती असेही सांगतो. त्या काळी बहुतेक स्त्रियांना कला शिकण्याची अशी संधी नव्हती. तिच्याकडे रथ होते, नोकरचाकर होते, स्वतःचे आम्रवन होते. विशाखेसारख्या थोर दात्या उपासिकेच्या पाठीशीही श्रीमंत माहेर आणि सासर होते. आम्रपालीचे सारे वैभव तिच्या एकटीच्या नावावर होते.

पण त्याच महावग्गात तिच्या एका रात्रीचे मोलही लिहिले आहे : पन्नास. आणि लगेच पुढे म्हटले आहे की तिच्यामुळे वैशालीची शोभा आणखी वाढली. तिच्यासाठी लोक दूरदूरून येत, आले की नगरात राहात, खर्च करीत. राजगृहाचा एक श्रेष्ठी कामानिमित्त वैशालीला आला, त्याने हे वैभव पाहिले आणि परत जाऊन बिंबिसार राजाला सुचवले की आपल्या नगरातही अशी गणिका असावी. राजाने होकार दिला. सालवती नावाची सुंदर कुमारी शोधण्यात आली आणि तिला राजगृहाची गणिका करण्यात आले. तिचे मोल शंभर ठरले.

पन्नासाला शंभराने उत्तर. दोन राज्यांची स्पर्धा, आणि ती दोन मुलींच्या शरीरांवर चालली. आजच्या भाषेत बोलायचे तर हा नगरविकासाचा कार्यक्रम होता. यातून आम्रपालीला पैसा मिळाला, तो खरा. पण तिच्या रूपाची मालकी तिच्याकडे नव्हती. आजचा मालक उद्या दुसरी सुंदर मुलगी शोधू शकत होता, आणि राजगृहाने ते करूनही दाखवले.

आईपणाचे काय झाले

सालवतीची पुढची हकीकत आम्रपालीचे आयुष्य समजून घेण्यासाठी महत्त्वाची आहे. सालवतीला दिवस गेले. गरोदर स्त्री पुरुषांना आवडत नाही, हे कळले तर आपला मान जाईल, म्हणून तिने आजारी असल्याचे सोंग घेतले आणि कोणालाही आत सोडू नये असे द्वारपालाला सांगितले. मुलगा झाला. दासीकरवी तिने त्याला सुपात घालून उकिरड्यावर टाकायला लावले. राजपुत्र अभय तिकडून जात होता. कावळे जमलेले पाहून त्याने चौकशी केली, मूल जिवंत आहे असे कळले, आणि त्याने ते वाढवले. तोच जीवक, तथागतांचा आणि भिक्खू संघाचा पुढे प्रसिद्ध झालेला वैद्य.

आपण जीवकाची थोरवी सांगतो तेव्हा उकिरड्याचा प्रसंग पटकन उरकतो, आणि सालवतीला निर्दय आई ठरवून मोकळे होतो. पण गरोदरपण लपवावे लागेल अशी तिची नोकरी होती आणि ती नोकरी तिला राज्याने दिली होती. रूपावर पोट असलेल्या स्त्रीला आजारपण, गरोदरपण, म्हातारपण यांतले काहीच परवडत नाही.

आम्रपालीलाही मुलगा झाला. अट्ठकथेनुसार त्याचे वडील बिंबिसार राजा. हा मुलगा विमल कोण्डञ्ञ पुढे भिक्खू झाला आणि थेरगाथेत त्याच्या नावावर गाथा आहे. आम्रपालीने तो टाकून दिला नाही, एवढे आपल्याला समजते. आणि पुढे याच मुलाचा उपदेश ऐकून ती संघात आली, असे परंपरा सांगते.

रस्त्यावरचा नकार

तथागतांच्या शेवटच्या प्रवासातला प्रसंग आता पाहू. भिक्खू संघासह ते वैशालीला आले आणि आम्रपालीच्या आम्रवनात उतरले. तिला हे कळताच ती रथ जोडून निघाली. जिथपर्यंत रथ जातो तिथपर्यंत रथाने आणि पुढे पायी चालत ती त्यांच्यापाशी गेली. धम्म ऐकला. दुसऱ्या दिवशी संघासह भोजनाला यावे अशी विनंती केली. तथागतांनी मौन राहून ती स्वीकारली.

ती परत निघाली तेव्हा समोरून लिच्छवी तरुण येत होते. कोणी संपूर्ण निळ्या वेशात, कोणी पिवळ्या, कोणी तांबड्या, कोणी पांढऱ्या. आम्रपालीने आपला रथ बाजूला घेतला नाही. आसाला आस, चाकाला चाक, जुवाला जू भिडवीत तिचा रथ त्यांच्या रथांना घासत गेला. लिच्छवींनी कारण विचारले. भोजनाचे निमंत्रण स्वीकारले गेल्याचे तिने सांगितले. त्यांनी ते भोजन एक लाखाला मागितले. तिने नकार दिला. सगळ्या प्रदेशासह वैशाली दिली तरी हे भोजन देणार नाही, असे ती म्हणाली. लिच्छवींनी बोटे मोडली आणि या आंबेवालीने आपल्याला हरवले अशी कबुली दिली.

ते तसेच तथागतांकडे गेले आणि दुसऱ्या दिवसाचे आमंत्रण देऊ लागले. तथागतांनी सांगितले की उद्याचे भोजन आम्रपालीकडे स्वीकारले आहे. विषय संपला.

हा प्रसंग आपण भक्तीचा म्हणून सांगतो. तो भक्तीचा आहेच, पण त्यात आणखी काही आहे. ज्या गणाने एकेकाळी आम्रपालीची किंमत ठरवली होती, त्याच गणाची मुले तिच्यापुढे पुन्हा पैसे घेऊन उभी होती. पन्नासावर येणाऱ्या स्त्रीला एक लाख मिळत होते. आयुष्यभर तिच्याकडे आलेला प्रत्येक माणूस काहीतरी विकत घ्यायला आला होता. या वेळी तिच्याजवळ विकायचे नाही असे काहीतरी होते. पाली ग्रंथांत तिचा नकार आपल्याला ऐकू येतो तो इथेच.

आणि तथागतांनी काय केले? त्यांनी तिला तिचा व्यवसाय विचारला नाही, आधी तो सोड अशी अट घातली नाही. नगरातील सर्वांत प्रतिष्ठित कुळातले लोक आले म्हणून तिला दिलेला शब्द मोडला नाही. गणिकेला दिलेला शब्द आणि लिच्छवींना दिलेला शब्द यांचे वजन त्यांच्यापाशी सारखे होते. तिच्या रूपाची स्तुती नाही आणि निंदाही नाही. तिच्याशी ते एका माणसाशी वागावे तसे वागले. आयुष्यात हे तिला किती वेळा मिळाले असेल?

दुसऱ्या दिवशी भोजन झाले. आम्रपाली खालच्या आसनावर बसली आणि तिने आपले आम्रवन बुद्धप्रमुख भिक्खू संघाला दान केले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बुद्ध आणि त्यांचा धम्म या ग्रंथात संघाच्या मोठ्या दात्यांची प्रकरणे लिहिली. तिथे बिंबिसार, अनाथपिंडिक, जीवक आणि विशाखा यांच्या पंक्तीत आम्रपालीचे दान आहे. पाचव्या शतकात आलेल्या फाहियान या चिनी भिक्खूनेही वैशालीतल्या तिच्या या उद्यानाची नोंद करून ठेवली.

तेव्हा तिचे वय किती होते?

नाटिकांमध्ये हा प्रसंग विशीतल्या मुलीवर बसवला जातो. जरा हिशेब करून पाहू. सालवतीला गणिका केले ते आम्रपालीची कीर्ती पाहून. त्यानंतर जीवक जन्मला, मोठा झाला, तक्षशिलेला सात वर्षे वैद्यक शिकला आणि परत येऊन बिंबिसाराचा वैद्य झाला. नंतर बिंबिसार गेला आणि अजातशत्रू गादीवर आला. महावंसाच्या परंपरेनुसार अजातशत्रूच्या कारकिर्दीच्या आठव्या वर्षी तथागतांचे महापरिनिर्वाण झाले. आम्रवनातले भोजन त्यापूर्वी काही महिन्यांचे.

ही वर्षे जोडली तर लिच्छवींच्या रथांना रथ भिडवणारी आम्रपाली पन्नाशीच्या आसपासची किंवा त्याहून मोठी निघते. परंपरेतील कालगणना मानली तर दुसरे उत्तर येत नाही. म्हणजे ज्या रूपासाठी नगराने तिला वापरले, ते ओसरत आले होते. केस पिकले असतील. तरीही त्या दिवशी वैशालीत तिचा शब्द चालला. तो रूपामुळे चालला नाही. तिच्या स्वतःच्या संपत्तीमुळे, दिलेल्या शब्दामुळे आणि ठामपणामुळे चालला.

हे लक्षात घेतले की चित्रपटातली आणि कॅलेंडरवरची आम्रपाली का अपुरी आहे हे कळते. चित्रपटाने तर अजातशत्रूला तिचा प्रियकर केले. आपल्यालाही ती तरुण आणि सुंदर असतानाच पाहायला आवडते. म्हणजे अडीच हजार वर्षांनंतर आपण त्या लिच्छवी तरुणांच्याच रांगेत उभे आहोत.

थेरी आम्रपाली

भिक्खुनी झाल्यावर आम्रपालीने रचलेल्या १९ गाथा थेरीगाथेत आहेत. केसांपासून पावलांपर्यंत एकेका अवयवाचे ती नाव घेते, तो तरुणपणी कसा होता आणि आता कसा आहे हे सांगते, आणि सत्य बोलणाऱ्या तथागतांचे वचन खोटे नाही असे प्रत्येक वेळी म्हणते.

काही वाचकांना या गाथांत स्त्रीदेहाचा तिरस्कार दिसतो. आमचे मत वेगळे आहे. तोवर तिच्या शरीराचे वर्णन इतरांनी केले होते, त्याचा भाव इतरांनी ठरवला होता. या गाथांमध्ये पहिल्यांदा तीच आपल्या शरीराकडे पाहते. पूर्वी ते सुंदर होते हे ती नाकारत नाही, त्याची लाजही बाळगत नाही. आता ते थकले आहे हे सांगताना रडत नाही. अनित्यता हा धम्मातला मूळ सिद्धांत तिने ग्रंथातून काढला नाही, स्वतःच्या देहावर तपासून घेतला. वैशालीने जे रूप कायमची मिळकत समजले होते, ते टिकणारे नव्हतेच, हे सांगण्याचा अधिकार तिच्याइतका कोणाला असणार?

संघात अशी ती एकटी नव्हती. श्रावस्तीच्या उप्पलवण्णेला इतक्या राजांनी आणि श्रेष्ठींनी मागणी घातली की सर्वांचे समाधान कसे करावे हे तिच्या वडिलांना सुचेना, असे अट्ठकथेत आहे. अड्ढकासी ही काशीची गणिका. ती दीक्षेसाठी निघाली तेव्हा वाटेत गुंड दबा धरून बसल्याचे कळले. तथागतांनी तिला दूतामार्फत उपसंपदा घेण्याची परवानगी दिली. नियम मोडायचा नाही म्हणून तिला संकटात पाठवले नाही, नियमच बदलला. वैशालीच्या सभेने भांडण मिटवण्यासाठी मुलीचा बळी दिला होता, संघाने मुलीसाठी वाट काढली. स्त्रियांना संघात प्रवेश मिळाला तोही वैशालीतच, महाप्रजापती गौतमीच्या आग्रहामुळे आणि आनंदाच्या मध्यस्थीमुळे, हेही इथे आठवले पाहिजे.

मागच्या जन्माचे कारण

अट्ठकथेत एक गोष्ट आहे, जी आम्ही स्वीकारत नाही. आम्रपालीने एका पूर्वजन्मात एका अर्हत भिक्खुनीला वेश्या म्हणून हिणवले होते, म्हणून तिला गणिका व्हावे लागले, असे तिथे सांगितले आहे. ही अट्ठकथा तथागतांनंतर अनेक शतकांनी लिहिली गेली.

बाबासाहेबांनी बुद्ध आणि त्यांचा धम्म या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माची ही कल्पना तपासून नाकारली. माणसाच्या आजच्या दुःखाला त्याचे मागचे जन्म जबाबदार धरले की समाज आणि राज्य आपोआप सुटतात, हा त्यांच्या मांडणीचा गाभा आहे. आम्रपालीला ही कसोटी लावून पाहा. तिच्या हालांचे कारण मागच्या जन्मात शोधले की लिच्छवींची सभा निर्दोष ठरते. माळ्याच्या घरी वाढलेल्या मुलीवर निर्णय लादणारे राजकुमार दिसेनासे होतात. म्हणून ही कथा सांगताना पूर्वजन्माचा भाग सोडून सभेचा भाग सांगितला पाहिजे.

आपल्या घरातली गोष्ट

महाराष्ट्राला हे सारे परके नाही. खंडोबाला मुरळी सोडणे, यल्लम्माला जोगतीण सोडणे, या रूढींत ज्या मुली गेल्या त्या बहुतांशी आपल्याच वस्त्यांतल्या. एका बाजूला देवाची म्हणून मान, दुसऱ्या बाजूला सर्वांची म्हणून वापर. आम्रपालीच्या बाबतीत गण होता, इथे देव होता. शिवराम जानबा कांबळे यांनी सोमवंशीय मित्रमधून मुरळीच्या प्रथेविरुद्ध आवाज उठवला. १६ जून १९३६ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी देवदासी, मुरळ्या, जोगतिणी यांच्या सभेत भाषण केले आणि हे जिणे सोडून सन्मानाने जगण्याचे आवाहन केले. कायदे झाले, १९३४ साली मुंबई इलाख्यात आणि २००५ साली महाराष्ट्रात. पण कायद्याने प्रथा बंद होते, नजर बदलत नाही.

वस्त्यांमध्ये काम करताना ही नजर आम्हाला रोज भेटते. मुलगी दिसायला चांगली असेल तर घरचे धास्तावतात. कोणीतरी मागे लागते, कॉलेजच्या वाटेवर मुले उभी राहतात, आणि उपाय म्हणून मुलीचेच शिक्षण थांबवून लग्न उरकले जाते. भांडण मुलांचे, शिक्षा मुलीला. वैशालीच्या सभेने याहून वेगळे काय केले होते? दुसरीकडे, सावळ्या मुलीच्या बायोडेटात रंग गव्हाळ लिहिला जातो आणि हुंड्याचा आकडा वाढतो. म्हणजे रूप असले तरी किंमत मुलीने मोजायची, नसले तरी तिनेच.

चळवळही यातून सुटलेली नाही. कार्यक्रमात पाहुण्यांना पुष्पगुच्छ द्यायला कोणाला उभे करतो? संघटनेच्या पोस्टरवर कोणाचा फोटो टाकतो? आणि तीच मुलगी उद्या जिल्ह्याची पदाधिकारी झाली, तर तिच्या वाचनाचे, कामाचे श्रेय तिच्या चेहऱ्याला देणारी कुजबुज कुठून सुरू होते? सुंदर मुलीला दारे लवकर उघडतात हे खरे. पण आत गेल्यावर तिचे बोलणे ऐकण्याऐवजी तिच्याकडे पाहिले जाते. तिचे कष्ट कोणाला खरे वाटत नाहीत. नकार दिला तर ती गर्विष्ठ, हसून बोलली तर सवंग.

कार्यकर्त्यांनी काही गोष्टी ठरवून करता येण्यासारख्या आहेत. मुलीच्या मागे लागणाऱ्या मुलाला वस्तीने जाब विचारावा, मुलीची शाळा थांबवू नये. संघटनेत जबाबदारी देताना काम पाहावे आणि दिलेला शब्द पाळावा, मग समोर कोणीही मोठा येवो. आणि पुढच्या बुद्धपौर्णिमेला आम्रपालीची नाटिका बसवायची असेल तर नृत्याचा प्रवेश वगळून रस्त्यावरचा प्रवेश घ्यावा. आम्रपालीच्या भूमिकेसाठी विशीतली देखणी मुलगी शोधू नका. वस्तीतल्या पन्नाशीच्या एखाद्या ताईला विचारा. लिच्छवींची भूमिका मुलांनी करावी, आणि एक लाखाला नकार ऐकल्यावर बोटे मोडून परत जावे.